शेडचं दार पूर्वेला

मासानीने कधी कुणाकडे बोट दाखवलं नाही. काही दाखवायचं झालं की ती ओठांचा चंबू करायची आणि हनुवटी किंचित त्या दिशेला उचलायची. मीठ कुठे आहे, तर ओठ. बस आली, तर ओठ. समोरचा गृहस्थ आपल्या कुत्र्याची घाण न उचलता निघाला आहे, तर ओठ, आणि वर एक भुवई. माणसाकडे बोट करणं म्हणजे त्याला टोचणं, असं तिचं म्हणणं. मी बाजारात वाढलेली बाई. माझं बोट समोरच्याच्या छातीशी असल्याशिवाय मला भाव ठरवता येत नाही. "तुझं बोट एक दिवस कुणीतरी चावेल," ती म्हणायची.

मासानी म्हणजे तिच्या भाषेत आईची आई. नात तिला तसं म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. ती नवाहो होती. अमेरिकेच्या वाळवंटी भागातले हे मूळचे लोक, मेंढ्या राखणारे आणि लोकरीच्या घोंगड्या विणणारे. तिची लेक शार्लीन कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन डब्लिनला नोकरीला आली, इथल्याच कॉनरशी तिने लग्न केलं, ओंगारला आमच्या भिंतीला भिंत लावून घर घेतलं आणि मूल झाल्यावर आईला बोलावून घेतलं. आपल्या आया येतात तशीच ही आली. फरक इतकाच की आपल्या आया थंडीला कंटाळून परत जातात, ही राहिली. नातीचं नाव आयला. इथे ते घरोघरी असतं. माझ्या नवऱ्याला मात्र त्या पोरीला मोठ्याने हाक मारायचा धीर अजून झालेला नाही.

मासानीचं खरं नाव मी लिहिणार नाही. तिच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. मी तिच्या लोकांतली नाही, पण तेवढं पाळते. बाकीची नावंही बदलली आहेत.

मी या देशात आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला धरून. घरच्या ओट्यावर चकल्या तळून विकायला सुरुवात केली, आज क्लोन्सिलाजवळ माझं स्वतःचं दुकान आहे. कुणी शिकवलं नाही, कुणी हात दिला नाही. म्हणून मला राग लवकर येतो आणि आलेला जात नाही. शार्लीनवरचा गेलेला नाही. तो का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

आमची ओळखच रागातून झाली. कांदा पुरवणाऱ्या माणसाने नासका माल पाठवला होता आणि मी अंगणात उभी राहून फोनवर त्याची सालं काढत होते. फोन ठेवून वळले तर कुंपणापलीकडे पायघोळ मखमली झगा, मानेवर पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला अंबाडा आणि मनगटावर निळ्या खड्यांचं जाड कडं, अशी एक म्हातारी शांतपणे ऐकत उभी.

"तुम्हाला त्रास झाला का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "बरं वाटलं. मला वाटलं होतं, या देशात सगळे नुसतं सॉरीच म्हणतात."

मग तिने आमच्या स्वयंपाकघराकडे ओठ केले. फोडणीचा वास तिला आत घेऊन आला होता. मी तिला भाकरी आणि पिठलं वाढलं. तिने भाकरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुला? ही तर आमची आहे."

मटणावर आमचं सख्य पक्कं झालं. इथे खाटकाकडे मिळतं ते कोवळं कोकरू. मासानी ते पाहून तोंड फिरवायची. "हे बाळ आहे. याची आई कुठे आहे?" म्हाताऱ्या मेंढीचं, हाडासकट, चरबीसकट मटण तिला लागायचं आणि मलाही. ते मिळवायला मी एका खाटकाशी जे भांडले, त्याची आठवण तो अजून काढतो. मासानी शेजारी उभी राहून सगळं ऐकायची आणि शेवटी फक्त एवढंच म्हणायची, "आता त्याला थँक्यू म्हण. मेंढी ऐकते आहे."

या देशात जिकडे तिकडे मेंढ्या आणि त्यांची लोकर कुणालाच नको, हे कळलं तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. मी तिला गाडीत घालून शेजारच्या मीथ जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याकडे नेलं. भाव कसा पाडायचा हे वाटेत ठरवून ठेवलं होतं. तो माणूस म्हणाला, "न्या, सगळी न्या, माझी कटकट जाईल." माझा अपमानच झाला. दार उघडं असताना कुलूप तोडायची हत्यारं घेऊन गेल्यासारखं वाटलं. मासानी मात्र अडून बसली. काही दिल्याशिवाय ती लोकरीला हात लावेना. शेवटी गाडीतला चकल्यांचा डबा त्याला द्यायला लावला. "फुकटच्या लोकरीचा धागा तुटतो," ती म्हणाली. त्या शेतकऱ्याने एक चकली चावली, डोळे पुसले आणि म्हणाला, "जीझस, ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे इथे छान, ठीक, चालेल, सगळंच.

लोकर आली, आता माग कुठे लावायचा? कॉनरने मागच्या अंगणातली लाकडी शेड, कोपऱ्यातला गवत कापायचा लॉनमोअर सोडून, रिकामी करून दिली आणि स्वतः लाकूड कापून माग उभा केला. मासानीने शेड पाहिली आणि दाराकडे ओठ केले. दार पश्चिमेला होतं. त्यांच्या पारंपरिक घराचं दार नेहमी उगवतीला. शार्लीन वैतागली.

"मॉम, ही शेड आहे. हिच्यात लॉनमोअर राहतो."

"त्यालाही सकाळी सूर्य दिसू दे."

पुढच्या रविवारी कॉनर आणि त्याचा भाऊ आले. भावाने विचारलं, "तुझ्या सासूला शेड फिरवून हवी आहे?" कॉनर म्हणाला, "हवी आहे." भाऊ म्हणाला, "ग्रँड." आणि दोघांनी ती सिमेंटच्या चौथऱ्यावरून उचलून फिरवली. या देशातल्या पुरुषांबद्दल माझं जे काही बरं मत आहे ते त्या दिवशी झालं.

शार्लीन सगळ्यांना सांगायची, "माझा यातल्या कशावर विश्वास नाही, मी इंजिनिअर आहे." शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला की आयला वर्गात मुलांकडे बघून पापे देते. ती बिचारी पेन्सिल कुठे आहे ते दाखवत होती. शार्लीन लाजेने लाल झाली. "मॉम, तिला बोट वापरायला शिकव." मासानी म्हणाली, "बोटं तिला आहेत. ओठ शिकवावे लागतात."

पण मी दुकानदार आहे. गिऱ्हाईक 'नको' म्हणताना त्याचे डोळे कुठे असतात ते मी बघते. एकदा सूर्यग्रहण होतं. सकाळीच मासानी आमच्या दारात आली आणि गॅसवरची कढई पाहून हबकली. ग्रहणात त्यांच्याकडे खात नाहीत, पीत नाहीत, झोपत नाहीत, पडदे ओढून गप्प बसतात. तेवढ्यात नाशिकहून माझ्या आईचा फोन आला. तिचंही तेच, वेध लागलेत, चूल पेटवू नकोस. दोन म्हाताऱ्यांपुढे माझं काय चालणार? मी गॅस बंद केला. ऑर्डर संध्याकाळी गेली. मात्र मासानीला घरी सोडायला गेले तर आत पडदे ओढलेले आणि सोफ्यावर शार्लीन, उपाशी, आयलाला मांडीवर घेऊन बसलेली. "डोकं दुखतंय म्हणून रजा घेतली," ती मला म्हणाली.

मग मासानीच्या पोटात दुखायला लागलं. हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर चांगला होता. पलंगाच्या कडेला बसून त्याने सगळं स्पष्ट सांगितलं. काय वाढलं आहे, किती पसरलं आहे, विमानाने घरी जाणं आता का जमणार नाही, पुढे काय होईल. इथे हाच प्रामाणिकपणा. मासानीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "काल मी आजारी होते. आज त्या पोराने मला बोलून टाकलं."

मला ते समजावून घ्यावं लागलं नाही. आपल्याकडे नाही का, वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी एवढंच म्हणाले, "त्याची जीभ जळो." ती पोट धरून हसली.

कॉनरची आई मनाने सोन्यासारखी बाई. ती म्हणाली, "आमच्यातलं कुणी परक्यांत जात नाही. तिला घरी आणायचं." पुढच्या खोलीत हॉस्पिटलसारखा पलंग आला. इथल्या जुन्या रीतीने माणूस घरात जातं, पुढच्या खोलीत ठेवतात, गल्ली लोटते, चहा आणि सँडविच फिरतात, रडणं आणि हसणं एकत्र होतं. ती चांगल्या कपबशा पुसून ठेवू लागली. आपणही काय वेगळं करतो? माणूस घरी आणतो, जमिनीवर निजवतो, तोंडात गंगाजल घालतो. आम्हा सगळ्यांना वाटत होतं, यापरतं चांगलं काय असणार.

मासानी पुढच्या खोलीत पडल्या पडल्या छताकडे बघत होती. सगळे स्वयंपाकघरात गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"वेळ आली की मला शेडमध्ये ने."

"का? इथे ऊब आहे."

"घरात माणूस गेलं की ते घर जिवंत माणसांचं राहत नाही. आमच्याकडे मग घर सोडतात. माती, लाकूड, नवं घर बांधता येतं." तिने भिंतीकडे ओठ केले. "हे तिला पुन्हा मिळणार नाही."

घरासाठी इथे तरुण पोरं कशी वणवणतात ते आम्ही सगळेच बघतो. शार्लीन आणि कॉनर या घराच्या कर्जापायी किती वर्षं बांधलेले आहेत, तेही तिला ठाऊक होतं. म्हातारीला मरणाची काळजी नव्हती. लेकीचं घर जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

मी शार्लीनला अंगणात गाठलं.

"आईला शेडमध्ये ठेव."

"काय?"

"तिला तिथे जायचं आहे."

"माझी आई लॉनमोअरशेजारी मरणार नाही."

"लॉनमोअर आमच्याकडे ठेव. हीटर मी देते. पलंग कॉनर उचलेल."

"तुझी आई असती तर ठेवली असतीस शेडमध्ये?"

"माझ्या आईने मागितलं असतं तर पार्किंगमध्येसुद्धा ठेवली असती."

"मी हे सगळं मागे सोडून आले आहे," ती ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "थंडीत, लाकडाच्या खोक्यात? लोक काय म्हणतील? नर्स काय म्हणेल? मला ती माझ्याजवळ हवी आहे. मी मानत नाही हे, कळलं? मी मानत नाही!"

"तू नको मानू. ती मानते ना?"

"तू यात पडू नकोस."

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. सगळं मागायचं म्हणजे अर्धं पदरात पडतं. ऊन असेल त्या दुपारी मासानीला घोंगडीत गुंडाळून शेडमध्ये बसवायचं, एवढं मी मिळवलं. ती मागासमोर बसायची, दोरे ओढायची ताकद नव्हती, पण हात फिरवायची. काठापाशी एक वेगळ्या रंगाचा बारीक धागा तिने बाहेरपर्यंत नेला होता. "ही वाट. विणणारी आत अडकायला नको," ती म्हणाली. संध्याकाळी आम्ही तिला परत पुढच्या खोलीत आणायचो. प्रत्येक वेळी उंबऱ्यावर ती डोळे मिटून घ्यायची.

एका दुपारी वादळ आलं. तिला शेडमध्ये नेणं शक्यच नव्हतं. शाळा लवकर सुटली म्हणून शार्लीन आयलाला आणायला गेली, कॉनर औषधं आणायला. मी पलंगाशी बसले होते. मासानीचा श्वास अडखळायला लागला. मधली दोन्ही दारं उघडी होती, तिथून स्वयंपाकघरापलीकडचं मागचं दार दिसायचं. तिने मान वळवली आणि त्या दाराकडे ओठ केले.

मी धावत जाऊन दार सताड उघडलं. पाऊस आत आला. परत येऊन तिच्या पाठीखाली हात घातले. पलंगाचे कठडे खाली होईनात, नळी कशाला तरी अडकली, मी कठड्याला लाथा घातल्या, शिव्या दिल्या. म्हातारी हाडांची मोळी झाली होती, तरी माझ्याने उचलेना. तिने पुन्हा ओठ केले. मग ते तसेच राहिले.

कॉनर औषधांची पिशवी घेऊन दारात आला. त्याने पाहिलं, गुडघे टेकले, कपाळापासून छातीपर्यंत क्रॉस केला. त्याची प्रार्थना संपेपर्यंत मला थांबवेना.

"उचल तिला," मी म्हणाले.

"काय?"

"शार्लीन यायच्या आत. शेडमध्ये ने. तिचा जीव तिथे गेला. मी आणि तू तिला वेळेवर नेलं. कळलं?"

ज्या माणसाच्या घरात मेलेल्याला पुढच्या खोलीत मानाने ठेवतात, त्याला मी हे सांगत होते. त्याने एकदा उघड्या दाराकडे पाहिलं. मग घोंगडीसकट तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि पावसात चालत गेला. मी मागाहून गेले. तिला मागासमोर निजवलं, तोंड दाराकडे केलं. मी तिचे केस नीट केले. घरात येऊन पलंगावरच्या चादरी काढल्या आणि फरशी पुसली.

शार्लीन आली. ओल्या मागच्या दाराकडे तिने पाहिलं. आई गेली का, असं तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "कुठे?"

तेवढ्या एका शब्दात मला कळलं की ती पहिल्यापासून सगळं मानत होती.

"शेडमध्ये," मी म्हणाले. "तिनेच सांगितलं. आम्ही वेळेवर नेलं."

तिने कॉनरकडे पाहिलं. कॉनर म्हणाला, "शेडमध्येच. दाराकडे तोंड होतं तिचं."

शार्लीन स्वयंपाकघराच्या फरशीवर मटकन बसली. मग ती माझ्या हातांकडे बघू लागली.

"तू हात लावलास तिला? नंतर?"

"लावला."

ती उठली आणि आयलाला आपल्या पाठीमागे घेतलं.

पुढचं लवकर सांगते. डॉक्टर आला, म्हातारीला शेडमध्ये का ठेवलं म्हणाला. कॉनर म्हणाला, तिच्या लोकांची तशी पद्धत आहे. डॉक्टर म्हणाला, "फेअर इनफ." कॉनरच्या आईच्या कपबशा तशाच परत गेल्या. नंतर कॉनरने शेड मोडली आणि माग, लोकर, मखमली झगे, अर्धी घोंगडी असं सगळं वडिलांच्या शेतावर नेऊन जाळलं. मी म्हणाले, निदान ती घोंगडी मला दे. तो म्हणाला, "नाही जमणार. तिचं काही ठेवायचं नाही, शार्लीन म्हणते." आपण फोटोला हार घालतो, आवडीचं जेवण करतो, नाव घेऊन रडतो. मला कुणाजवळ रडताही आलं नाही.

शार्लीन माझ्याशी बोलत नाही. सुरुवातीला मला वाटलं, आपल्या सुतकासारखं असेल, चार दिवसांनी फिटेल. सुतक फिटतं. हे फिटलं नाही. मेलेल्याला शिवलेली बाई तिला तिच्या पोरीजवळ नको आहे. कॉनरने तिला जिवंतपणीच उचललं, असं ती समजते. कॉनर कुंपणाशी भेटला की विचारतो, "ग्रँड?" मी म्हणते, "ग्रँड." एवढाच आमचा सौदा. ज्या घरासाठी मी खोटं बोलले, त्या घराचं दार मला बंद आहे. हा माझा राग, आणि तो कुणाला सांगायची सोय नाही. हे मराठीत लिहिते आहे म्हणून लिहिता येतं.

कधी कधी वाटतं, मासानीचं खरं असलं तर? पुढच्या खोलीत आता आयलाची खेळणी असतात. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची मीच बांधते.

परवा मी कपडे वाळत घालत होते. आयला कुंपणाच्या फळीवर चढली. तिला माझ्याशी बोलायची बंदी आहे, पण ती आता धीट झाली आहे. इथल्या पोरांच्या सुरात तिने विचारलं, "माझी मासानी कुठे गेली? म्हणजे, कुठल्या जागी?"

मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत शार्लीन भांडी घासत होती. तिचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला.

मी बोट उचललं नाही. शेड होती तिथे आता नुसता सिमेंटचा चौथरा आहे, त्यावर पावसाचं पाणी साचतं. मी ओठांचा चंबू केला आणि तिकडे दाखवलं.

शार्लीनने माझ्याकडे पाहिलं. मग नळ बंद केला आणि दिवा लावायला पुढच्या खोलीत गेली.